अकरा थेंब आणि अठ्ठावीस युगं

परवा ऑफिसात आषाढीचा विषय निघाला. 'युगे अठ्ठावीस' म्हणजे काय हे मी समजावून सांगत होते, तर एक सहकारी हसून म्हणाला, "ही युगं मोजली कोणी?" मला ते फार लागलं. तो जन्माने जर्मनीतल्या कोलोनचा. म्हणून त्याच्याच शहराच्या मानचिन्हावर काय आहे, ते मी त्याला सांगितलं.

ढालीचा वरचा पट्टा लाल, त्यावर तीन सोनेरी मुकुट. हे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे. त्यांच्या अस्थी कोलोनच्या आर्चबिशपने 1164 मध्ये मिलानहून आणल्या. त्याआधी दोनच वर्षांनी जर्मन सम्राट बार्बारोसाने मिलान पाडाव केलं होतं, म्हणजे ही सरळ सरळ लूट. पण त्या अस्थींमुळे यात्रेकरूंची रीघ लागली, आणि त्यांना साजेसं मंदिर हवं म्हणून 1248 मध्ये आजच्या कॅथेड्रलचा पाया घातला गेला. ते पुरं झालं 1880 मध्ये.

मुकुटांखाली पांढऱ्यावर अकरा काळे थेंब. ही ख्रिस्ती संत उर्सुला आणि तिच्या कुमारिका सख्यांची आठवण. रोमच्या यात्रेहून परतताना हूणांनी त्यांना कोलोनपाशी मारलं, अशी कथा. सख्या किती? अकरा हजार! काही जुन्या लिखाणांत आकडा अकराच आहे. 1106 मध्ये तटबंदी वाढवताना रोमन काळातली दफनभूमी लागली आणि तिथली हाडं त्याच कुमारिकांची ठरली. त्यांत पुरुषांची होती, लहान मुलांचीही होती, तरी श्रद्धा ढळली नाही. उर्सुलाच्या चर्चमधल्या सोनेरी दालनात भिंतीच्या वरच्या भागात ती हाडं नक्षीसारखी रचली आहेत, मध्येच त्यांची लॅटिन अक्षरं केली आहेत. मी तिथे हात जोडले, आणि ते मनापासून जोडले.

सहकारी म्हणाला, "ती दंतकथा आहे, आता कोण खरी मानतं?" मग ढालीवर थेंब का ठेवलेत? कारण शहराला ते आपले वाटतात. मला हे आवडतं, खरंच आवडतं. पण मग पंढरीला पायी जाणाऱ्या माझ्या आजीकडे युगांचा हिशेब कशाला मागायचा? तिने तो कधी मांडलाच नाही, ती फक्त चालत राहिली.

आणि हे दालन त्याने अजून पाहिलेलंच नाही! येत्या शनिवारी मीच त्याला घेऊन जाणार आहे.