डोममधला बल्ब तेराव्या महिन्यात का जातो

एलईडी बल्बच्या खोक्यावर २५,००० तास छापलेलं असतं. रोज ५ तास लावला तर हा हिशेब साडेतेरा वर्षांवर जातो. प्रत्यक्षात जिन्यातला बल्ब दुसरी दिवाळी बघत नाही. खोक्यावरचा आकडा मुख्यतः चिपचा उजेड हळूहळू मंदावण्याशी संबंधित असतो. जातो मात्र बहुतेक वेळा मागचा ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेतून चिपला सोसेल असा करंट देणारं सर्किट, नाहीतर भाजून निघालेली एखादी चिप.

ड्रायव्हरमध्ये कडू माणूस एकच, चार्ज साठवणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. बोटाच्या पेराहून लहान असतो आणि आत द्रव असतो. तापला की तो द्रव सुकत जातो. साध्या कपॅसिटरवर १०५ अंशाला २,००० तास असा हिशेब असतो, आणि तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ८५ अंशाला ८,००० तास. रोज ५ तासांनी सव्वाचार वर्षांच्या वर. तोच बल्ब बंद काचेच्या डोममध्ये कोंडून कपॅसिटर १०५ ला पोचला, की २,००० तास म्हणजे ४०० दिवस. तेरा महिने. वॉरंटी एक वर्षाची असेल तर बोंबलत बसा!

९ वॉटच्या बल्बमध्ये निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. जुना पिवळा बल्ब त्याहून कितीतरी जास्त तापायचा, पण तो उष्णता काचेतून बाहेर फेकायचा आणि त्याच्या आत बिघडण्यासारखं काही नव्हतं. एलईडीची उष्णता आतल्या ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून अंगात आणि अंगातून हवेत जावी लागते. बल्ब उलटा लटकवला की गरम हवा वर चढते, आणि वर बसलेला असतो ड्रायव्हर. त्यामुळे बंद डोममध्ये ९ ऐवजी ५ वॉटचा लावा, किंवा सरळ डोम काढा. बाथरूममध्ये डोम हवाच असेल तर बल्ब न घालता त्या जागेसाठी बनवलेली बंद फिटिंग घ्या.

एकाच जागेचे बल्ब वारंवार जात असतील तर कंपनी बदलण्याआधी होल्डर बघा. आपल्याकडे पिनचा होल्डर जास्त. मेन स्विच बंद करून आत टॉर्च मारा. पितळी पिना काळ्या पडल्यात, खड्डे पडलेत, किंवा दाबल्यावर परत वर येत नाहीत, म्हणजे स्प्रिंग मेली. तिथे सतत ठिणगी पडते आणि प्रत्येक ठिणगीला ड्रायव्हरला झटका बसतो. होल्डर बदला, मागचे स्क्रू आवळून घ्या. कोल्हापुरात शुक्रवार पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरची वायरिंग अजून सापडते. तिथे जोडांवरची टेप सोडून बघण्यासारखी असते.

घरभरचे दोन-चार बल्ब एकदमच गेले तर दोष व्होल्टेजकडे. आपल्याकडचं २३० व्होल्ट १० टक्के वर-खाली चालतं, म्हणजे २०७ ते २५३. कपॅसिटरपर्यंत मात्र २३० चे सुमारे ३२५ होऊन पोचतात, आणि २८० झाले तर ३९५ च्या पुढे. कपॅसिटर सहसा ४०० चा. सगळ्यात वाईट म्हणजे खांबावरची न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सुटणं. मग कुठल्या घरात १५०, तर कुठल्या घरात साडेतीनशेच्या वर. खूण सोपी आहे: इस्त्री लावली की दुसऱ्या फेजवरचा, म्हणजे थ्री-फेज घरात दुसऱ्या खोलीतला, लाईट मंद होण्याऐवजी उजळतो. तसं दिसलं की मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा, उद्यावर टाकू नका. करवीर, कागलकडच्या गावांत गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) शेतीपंपांपासून वेगळा नसेल, तर पंप बंद झाल्यावर व्होल्टेज वर चढतं. मल्टीमीटरने संध्याकाळी सातला आणि रात्री दोनला मोजा, फरक कळेल. वळवाच्या विजांचा सर्ज, म्हणजे क्षणभराची व्होल्टेजची उसळी, एमसीबी अडवत नाही. त्यासाठी मेन बोर्डात एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) बसवावा लागतो, आणि अर्थिंग नीट नसेल तर त्याचा उपयोग नाही.

गोठ्याचं प्रकरण निराळं. ओल, धूळ आणि शेणामुताचा वायू चिपच्या आतला चांदीचा थर काळा पाडतो. तिथे रबर गॅस्केट असलेली बंद फिटिंगच टिकते.

गेलेला बल्ब उघडून बघायला हरकत नाही, पण आधी होल्डरमधून काढून काही मिनिटं ठेवा, कारण कपॅसिटर चार्ज धरून असतो. वरचं प्लास्टिकचं टोपण दाबून फिरवलं की निघतं. पिवळ्या चिपांपैकी एकीवर मोहरीएवढा काळा ठिपका असेल, तर तीच गेलेली. सगळ्या चिपा एकामागे एक, सिरीजमध्ये असतात, म्हणून एक गेली की सगळा अंधार. तिच्यावर सोल्डरचा थेंब टाकून बल्ब परत पेटवतात खरे. पण त्या चिपचे व्होल्ट आता दुसरं कोणीतरी सोसतं; स्वस्त, विनाकॉइलच्या बल्बमध्ये ते करंट सांभाळणाऱ्या आयसीवर येतात आणि ती जास्त तापते. असा बल्ब गच्चीवर उघड्या होल्डरला लावा, डोममध्ये नको. आणि टोपण बसवल्याशिवाय तर अजिबात पेटवू नका, आतली प्लेट थेट मेनच्या करंटवर असते.