सस्पेन्स खात्यातला देव

आमच्या पतसंस्थेत वसुलीला असलेला मुलगा मला दर चार-सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारतो. "मॅडम, मार्वलला एवढी नावं ठेवता, आणि नवीन पिक्चर लागला की शुक्रवारी लवकर निघायचा अर्ज तुमचाच पहिला. मग बघताच कशाला?" नवराही हेच विचारतो, फक्त त्याच्या प्रश्नात तिकिटाच्या पैशांचा उल्लेख जास्त असतो. आता तुम्हीही विचारलंत. इतके दिवस "सवय लागलीय हो" म्हणून वेळ मारून नेली. पण ते काही खरं उत्तर नाही.

आधी एक सांगते. मार्वलचे हे एकमेकांत गुंतलेले सुपरहिरोंचे सिनेमे म्हणजे सिनेमाच नव्हेत, असं दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी २०१९ साली म्हणाले आणि मोठा गदारोळ झाला. त्या भांडणात मला पडायचं नाही. शेवटच्या अर्ध्या तासात आकाशातून काहीतरी कोसळतं आणि शहर मोडतं, हीदेखील माझी तक्रार नाही. मला शहरं मोडलेली आवडतात, माझं डोंबिवली सोडून. माझी तक्रार हिशेबनीसाची आहे. एकोणीस वर्षं मी किर्द, खतावणी आणि तेरीज एवढंच करत आलेय. तुम्ही म्हणता मी नावं ठेवते, मी म्हणते मी नावे टाकते.

आमच्याकडे सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. समजा, संस्थेच्या बँक खात्यात कुणीतरी पाच हजार रुपये भरले, पण कुणी आणि कशापोटी ते कळत नाही. रक्कम तर आलीय, तिला टाकायचं कुठे? तात्पुरती सस्पेन्सला टाकायची. पण ३१ मार्चच्या आत माणूस शोधून त्याच्या खात्याला ती वर्ग करायची. ऑडिटर आला की चहाला हात लावण्याआधी हे खातं उघडून बघतो. सस्पेन्स फुगलेलं दिसलं की तो काही बोलत नाही, नुसता चष्म्यावरून बघतो. त्या बघण्याला मी आजही घाबरते.

२००८ साली 'आयर्न मॅन' पाहिला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही शेवटी पडद्यावर नावं सुरू होताच उठून बाहेर आले. नावांनंतर एक तुकडा होता, हे नंतर कळलं. एका डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस अंधारात उभा राहून सांगतो की या जगात तू एकटाच नाहीस. वेगळ्या शब्दांत, नोंद झालेली आहे, पुढे वर्ग करू. आणि त्यांनी ती केली, हे कबूल करायलाच हवं. २०१९च्या 'एंडगेम'पर्यंत बावीस सिनेमे, अकरा वर्षं, आणि खातं बऱ्यापैकी जुळलेलं.

आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क, शस्त्रं विकणारा माणूस. अफगाणिस्तानात त्याच्या पुढ्यात एक बॉम्ब येऊन पडतो आणि फुटायच्या आधी त्यावर त्याला स्वतःच्याच कंपनीचं नाव वाचायला मिळतं. माझ्या मते या सबंध मालिकेतली सगळ्यात चोख नोंद ही. जमा आणि नावे एका क्षणात समोरासमोर. पुढची अकरा वर्षं तो ते देणं फेडतो आणि शेवटी जिवानिशी चुकतं करतो. 'एंडगेम'मध्ये तळ्याकाठी त्याचा निरोप आहे. कॅमेरा उभ्या असलेल्या माणसांवरून संथपणे सरकतो. त्यात मागे एकटा उभा असलेला एक उंचसा पोरगा दिसतो. थिएटरात माझ्या शेजारच्यांनी विचारलं, "हा कोण?" तो 'आयर्न मॅन ३'मधला हार्ली. २०१३ साली टोनीला आपल्या गॅरेजमध्ये आसरा देणारा लहान मुलगा. सहा वर्षांत त्याचं कुणी नाव काढलं नव्हतं. एकही वाक्य नाही त्याला, नुसता उभा आहे. जुनी उधारी कुणी आपण होऊन घरी आणून द्यावी, तसं मला वाटलं. रडले मी. टोनीसाठी आधी रडून झालं होतं, हे दुसरं रडणं हार्लीसाठी.

त्यामुळे त्यांना हिशेब ठेवता येत नाही असं मी म्हणूच शकत नाही. येतो. मग ठेवत का नाहीत, हा माझा राग.

पाच वर्षांचंच घ्या. थॅनॉस नावाचा खलनायक चुटकी वाजवतो आणि निम्मी माणसं राख होतात. पाच वर्षांनी ती सगळी जशीच्या तशी परत येतात. थिएटरात लोक शिट्ट्या मारत होते, मीही मारली असती, येत असती तर. पण घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच विचार. ठेवीदार राख झाला. वारसाने कागदपत्रं आणली, नॉमिनीला आम्ही मुदत ठेव दिली, पावतीवर सही घेतली. आता ठेवीदार काउंटरवर उभा आहे आणि पाच वर्षांचं व्याज मागतोय. काय करू मी? कर्जदार गेला म्हणून जामीनदाराकडून वसूल केलं, आता कर्जदार परत आलाय. राहत्या घराचं काय? बायकोने दुसरं लग्न केलं असेल त्याचं काय? हसू नका. साडेतीनशे कोटींच्या वर माणसांचा हा प्रश्न आहे.

मार्वलने याचं काय केलं? 'फार फ्रॉम होम'मध्ये स्पायडरमॅनची मे काकू सांगते की ती घरात परत प्रकटली तेव्हा तिथे दुसरंच कुटुंब राहत होतं आणि बाईला वाटलं ही नवऱ्याची कुणीतरी. हशा. पुढे चला.

दोन ठिकाणी मात्र त्यांनी या पाच वर्षांकडे नीट पाहिलं, आणि दोन्ही मालिकांत, २०२१ साली. 'वांडाव्हिजन'मध्ये राख झालेल्यांपैकी मोनिका इस्पितळातल्या खुर्चीत परत येते. आईच्या उशाशी बसल्या बसल्या डोळा लागला असेल असं तिला वाटतं. पलंग रिकामा आहे. बाहेर बोळातून माणसं धावतायत, कुणी हवेतून आकार घेतंय. ती आईला शोधत सुटते, आणि ओळखीची डॉक्टर सांगते की आई जाऊन तीन वर्षं झाली. दुसरं ठिकाण म्हणजे 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'. त्यात सॅम विल्सन, जग वाचवणाऱ्यांपैकी एक, बहिणीबरोबर बँकेत कर्ज मागायला जातो. वडिलोपार्जित बोट दुरुस्त करायची आहे. अधिकारी त्याला ओळखतो, हरखतो आणि मग सांगतो की गेल्या पाच वर्षांत तुमचं उत्पन्नच दिसत नाही.

तो प्रसंग मी तीनदा पाहिला. टेबलाच्या त्या बाजूला मी बसते ना. पाहुणचार करायचा, हसायचं आणि कर्ज नाकारायचं, हे मला पाठ आहे. तो अधिकारी वाईट नाही, त्याच्याकडे नियम आहे. आमच्याकडेही तीन वर्षांची विवरणपत्रं लागतात. आमच्याकडे आला असता तर सॅमला मीही नाही म्हटलं असतं, वर चहा पाजून.

इतकी छान सुरुवात करून त्याच मालिकेने पुढे जे केलं ते मला अजून सलतं. निम्मी माणसं नव्हती त्या काळात सीमा सैल झाल्या, ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना घरं मिळाली, कामं मिळाली. मूळ मालक परतल्यावर यांना उचलून छावण्यांत टाकलं. त्यांच्या बाजूने कार्ली नावाची तरुण मुलगी उभी राहते. तिचा सवाल अगदी रास्त आहे. मग लेखकांच्या लक्षात आलं असावं की हिला उत्तर द्यावं लागेल. तेव्हा ती एका गोदामात माणसं बांधलेली असताना ते पेटवून देते. झालं. आता ती खुनी, आता उत्तर द्यायची गरज नाही. शेवटी सॅम पुढाऱ्यांना चार शब्द सुनावतो आणि छावण्यांचं नाव निघेनासं होतं. पुढच्या सिनेमांत त्या पाच वर्षांचा उल्लेख चवीपुरता.

ही त्यांची जुनीच खोड आहे. खलनायकाचं म्हणणं खरं असलं की त्याच्या हातून एखादी म्हातारी नाहीतर एखादं गोदाम करवून घ्यायचं. 'ब्लॅक पँथर'मधल्या किलमाँगरलाही तेच करायला लावलं. पण तिथे निदान देणं मान्य तरी केलं. ब्लॅक पँथर म्हणजे राजा टीचाला शेवटी अमेरिकेतल्या ओकलंडला जातो, किलमाँगर जिथे पोरका झाला तिथल्याच इमारती विकत घेतो, केंद्र काढायचं ठरवतो. मुद्दल नाही, पण व्याजाचा पहिला हप्ता म्हणा. २०१८ साली ही लाज शिल्लक होती.

आता सस्पेन्सकडे येते. २०२१च्या 'इटर्नल्स'मध्ये पृथ्वीच्या पोटात वाढलेला एक देव बाहेर यायला लागतो. कुठे? आपल्या हिंदी महासागरात. डोकं आणि हात वर आलेले असताना त्याचा दगड होतो. डोंगरांहून मोठा दगड समुद्रातून वर आलाय आणि त्यानंतरच्या सिनेमांत कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. न्यूयॉर्कमध्ये काही पडलं तर सात सिनेमे पुरतं. इथे सुनामी नाही, बातमी नाही, कोकणातल्या होड्या बहुतेक रोजच्यासारख्या बांगड्याला गेल्या. अखेर फेब्रुवारी २०२५मध्ये, 'कॅप्टन अमेरिका'च्या नव्या भागात, त्या दगडात ॲडमँटियम नावाचा धातू सापडतो आणि देश भांडू लागतात. सव्वातीन वर्षं एक अख्खा देव सस्पेन्सला पडून होता. आमच्या ऑडिटरने चष्मा काढूनच ठेवला असता.

आणि हा निदान वर्ग तरी झाला. नावांनंतर येऊन गेलेले बाकीचे मोजायला बसलं तर 'इटर्नल्स'मध्ये हॅरी स्टाइल्स, 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या दुसऱ्या भागात शार्लिझ थेरॉन, 'थॉर'च्या चौथ्यात हर्क्युलीस. येतात, एक वाक्य टाकतात, टाळ्या घेतात. 'ब्लेड' या सिनेमाची घोषणा २०१९ सालची, त्यातल्या नायकाचा नुसता आवाज ऐकवून ठेवलाय. पूर्वी या तुकड्यांसाठी मी श्वास रोखून बसायचे. आता मनात आकडा वाढत जातो.

लोक म्हणतात प्रेक्षक कंटाळले. मला वाटतं प्रेक्षकांना गृहपाठ नको झाला. एकट्या २०२१ साली चार सिनेमे आणि पाच मालिका होत्या. 'कॅप्टन मार्वल'ने २०१९ साली ११० कोटी डॉलरच्या वर कमावले. २०२३ साली त्याचा पुढचा भाग 'द मार्वल्स' वीस कोटींच्या थोडा वर जाऊन थांबला. तिघी नायिकांपैकी दोघी नीट कळायला आधी दोन मालिका बघाव्या लागत होत्या. माणूस सिनेमाला रविवारी जातो, सहामाही परीक्षेला नव्हे. मार्वलची मालक कंपनी डिस्ने, तिचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीही त्याच वर्षी मान्य केलं की मालिकांचा रतीब घातल्याने लक्ष विखुरलं.

आणि आता टोनीचं काम करणारा रॉबर्ट डाउनी परत येतोय. टोनी म्हणून नाही, डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून. जुलै २०२४मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्याच्या मंचावर त्याने मुखवटा काढला आणि सभागृह वेडं झालं. मी मोबाइलवर बघत होते. माझ्या पोटात मात्र खड्डा पडला. बंद झालेलं, सही-शिक्क्यानिशी निल केलेलं खातं पुन्हा उघडायचं? त्याच महिन्यात आलेल्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये सुरुवातीलाच २०१७च्या सिनेमात पुरलेल्या लोगनची, म्हणजे वुल्व्हरिनची, कबर उकरून हाडांनी मारामारी केलीच होती. विनोद म्हणून हसले मी. पण मेलेला माणूस मेलाय यावर विश्वास ठेवायचा नसेल, तर त्या तळ्याकाठी हार्ली कशाला उभा होता?

मग बघतेच कशाला.

माझा भाचा मुंबईत रोटो करतो. रोटो म्हणजे पडद्यावरच्या माणसाची कड हाताने कापत जायची, फ्रेमला फ्रेम लावून, म्हणजे मागे हवं ते जग बसवता येतं. सेकंदाला चोवीस फ्रेम. एकदा तो आमच्याकडे राहायला होता तेव्हा मी विचारलं, सगळ्यात अवघड काय? "केस, मावशी. वाऱ्यावर उडणारे केस." एका बाईच्या चार सेकंदांच्या केसांत त्याचा आठवडा गेला होता. मग तिकडून निरोप आला की तो शॉट काढून टाकलाय. कुठला सिनेमा ते सांगत नाही, लिहून दिलंय म्हणे.

२०२२च्या 'शी-हल्क'च्या शेवटच्या भागात एक विनोद आहे. नायिकेला सांगतात, रूप बदलायचंय तर कॅमेऱ्याआड बदल, इफेक्ट्सवाली मंडळी पुढच्या कामाला गेलीत. मी खो खो हसले. भाचा शेजारी बसून चिवडा खात होता, खातच राहिला. पुढच्या वर्षी तिकडच्या मार्वलच्या इफेक्ट्सवाल्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. ती बातमी मी त्याला पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

तेव्हापासून मी नावं संपेपर्यंत बसते. तुकड्यासाठी नाही. इफेक्ट्सची यादी सुरू झाली की पुढे सरकून बसते आणि स्तंभ वाचायला लागते, पण तो पाटील, शिंदे, कुलकर्णी करत इतक्या वेगाने वर जातो की आपलं आडनाव दिसलं की भास झाला ते कळत नाही. "सगळ्यांची नसतात गं नावं," भाचा सांगतो. मागच्या वेळी थिएटरातले दिवे लागले होते, नवरा पार्किंगला पोचला होता, आणि झाडू घेतलेला पोरगा माझ्या रांगेच्या टोकाशी येऊन थांबला.

"मॅडम, अजून एक सीन आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "दोन मिनिटं थांब."

त्याने झाडू भिंतीला टेकवला आणि तोही वर बघायला लागला.