शिंदळ माकुडी: तिसऱ्या पावसाळ्याची नोंद

काल संध्याकाळी शिंदळ माकुडीचा टांगलेला परळ (मातीचं पसरट भांडं) खाली उतरवून फूटपट्टी लावली. सगळ्यांत लांब फांदी ४१ सेंटिमीटर. एकूण फांद्या ११, त्यांतल्या सातांच्या टोकाला पानांचे कोंब. जून संपत आलाय. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे तेव्हाच्या पावसाच्या तोंडावर, बोटाएवढा ९ सेंटिमीटरचा तुकडा लावला होता, त्याची ही आजची हजेरी.

झाडाचं नाव फ्रेरिया इंडिका. मराठीत शिंदळ माकुडी. अलीकडच्या वर्गीकरणात तिला बुसेरोसिया फ्रेरी म्हणतात, पण आपण छंदी मंडळी अजून फ्रेरियाच म्हणतो आणि मीही तेच म्हणणार आहे. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या वनखात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी जुन्नर भागातल्या झाडावरून तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या काही मोजक्या कड्यांखेरीज ती जगात दुसरीकडे कुठे रानात उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड, रंधा, महाबळेश्वर ही नावं तिच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येतात. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने एके काळी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या बारा वनस्पतींत तिला धरलं होतं.

मी ती रानात एकदाच पाहिली, जुन्नरकडच्या एका कड्यावर, दुर्बिणीतून. जागा लिहीत नाही, कारण विचारल्यावर सांगावीशी वाटते आणि सांगितल्यावर वाईट वाटतं. काळ्या बसाल्टच्या खाचेत ओंजळभर माती साचलेली, आणि तिथून राखाडी-हिरव्या जाड फांद्या कड्यावरून खाली लोंबत होत्या. शेळीचं तोंड पोचत नाही आणि वणव्याची झळ लागत नाही अशा जागीच ती उरली आहे.

माझा तुकडा कोथरूडच्या एका काकांकडचा. तीस वर्षं सक्युलंट, म्हणजे खोडापानांत पाणी साठवणारी झाडं, जोपासतायत ते, आणि त्यांचं मूळ रोपही दुसऱ्या बागेतल्या छाटणीवरून आलेलं. तुकडा कागदात गुंडाळून देताना म्हणाले, "पोरी, गडावरून काडीसुद्धा आणायची नाही. हवी तेवढी माझ्याकडून ने." एका पक्व फांदीतून चार रोपं होतात, मग कड्यावर हात घालायचं कारणच काय?

आता मुद्द्याचं. ही ज्या गटातली आहे, म्हणजे स्टॅपेलिया, हुर्निया, आपल्या माळावरची माकडशिंग, त्यांना पानं म्हणावीत अशी पानं नसतात. असलं तर एखादं खवलं, तेही लवकर झडून जाणारं. सगळा संसार खोडावर. फ्रेरियाला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद, मांसल, पाच-सहा सेंटिमीटरची पानं येतात आणि थंडीत गळून पडतात. मला ते केवळ वेगळेपण वाटायचं. मग लांगे आणि झुबर या संशोधकांच्या १९७७ च्या कामाबद्दल वाचलं आणि माझं पाणी घालणंच बदललं.

त्यांनी दाखवलं ते असं. फ्रेरियाचं पान साध्या झाडासारखं, भात-गव्हासारखं वागतं: दिवसा रंध्रं उघडतं, कर्बवायू घेतं आणि त्यापायी पाणीही बऱ्यापैकी गमावतं. खोड मात्र निवडुंगाच्या रीतीनं चालतं. रात्री गारव्यात रंध्रं उघडून कर्बवायू घ्यायचा, आम्ल करून साठवायचा, आणि दिवसा दारं लावून त्यावर अन्न बनवायचं. ही दुसरी रीत प्रत्यक्ष चाखायची असेल तर घरच्या पानफुटीचं पान पहाटे चावून बघा, चांगलं आंबट लागतं. दुपारनंतर तो आंबटपणा गेलेला असतो. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे इथे भारतातच टिपलं आणि १८१५ मध्ये ते छापून आलं. फ्रेरियात या दोन्ही रीती एकाच झाडावर नांदतात. पाऊस आहे तोवर पानांनी भराभर कमवायचं, पाऊस गेला की पानं टाकून खोडावर तग धरायचा.

हे कळायच्या आधीचा माझा पहिला हिवाळा सांगते. डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं, तहानली. पाणी वाढवलं. पानं आणखी वेगानं गळली, म्हणून अजून घातलं. जानेवारीच्या मध्यावर खोड बुडाशी मऊ आणि काळं पडलेलं सापडलं. बोटानं दाबल्यावर पाणी सुटलं. सुरी स्पिरिटनं पुसून वर वर कापत गेले. पहिल्या कापात मधोमध तपकिरी ठिपका, दुसऱ्यातही. तिसऱ्या कापात आतला भाग स्वच्छ हिरवट-पांढरा दिसला. उरलं ते जेमतेम ६ सेंटिमीटरचं टोक. ते कापाला काहीही न लावता सावलीत बारा दिवस ठेवलं, आणि मग कोरड्या मिश्रणावर नुसतं आडवं टेकवलं. पुरलं नाही. मे महिन्यात, वळवाच्या पहिल्या सरीनंतर, खालच्या बाजूनं मुळं दिसली. आजचं सगळं झाड त्या टोकातून आलेलं आहे.

तेव्हापासून मी कॅलेंडर बघत नाही, पानं बघते. कोंब दिसला की थेंब थेंब सुरू. पान उलगडलं की भरपूर, अगदी उघड्या पावसातसुद्धा, फक्त परळात पाणी थांबता कामा नये. पहिलं पान पिवळं झालं की अर्धं. शेवटचं पान पडलं की बंद. मग एप्रिल-मेमध्ये खोडावर सुरकुत्या पडतात, फांदी बोटाएवढीची पेन्सिलीएवढी होते, बघवत नाही. तरी मी महिन्यातून एकदा, संध्याकाळी, कडेनं चार चमचे एवढंच देते. गेल्या मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला, तेव्हाही एवढंच दिलं. एकही फांदी गेली नाही.

मिश्रणाबद्दल बरेच जण विचारतात. दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग बसाल्टची बारीक कच, एक भाग विटांचे तुकडे, अर्धा भाग जुनं कुजलेलं पानखत, मूठभर कोळसा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी वापरत नाही. आपल्या पावसाळ्यात ते दिवसेंदिवस ओलं राहतं आणि या झाडाचं बूड तेवढं सोसत नाही. भांडं म्हणून पसरट मातीचा परळ, बुडाला तीन भोकं पाडलेला, गॅलरीच्या पूर्वेच्या कडीला शिंक्यात टांगलेला. टांगल्यावर फांद्या कड्यावरच्यासारख्या खाली उतरतात, जमिनीला टेकून ओल्या राहत नाहीत, आणि फुलं डोळ्यांच्या पातळीवर येतात. ऊन सकाळी अकरापर्यंत. दुपारचं ऊन लागलेल्या फांद्या तांबूस झाल्या आणि तिथेच वाढ थांबली, म्हणून शिंकं हातभर आत घेतलं.

फुलं दुसऱ्या वर्षी आली, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. फूल दोन सेंटिमीटरच्या आसपास, पाच टोकांची चांदणी, गडद लालसर-तपकिरी, त्यावर पिवळे ठिपके, आणि कडेला बारीक केसांची झालर. वारा आला की ती झालर थरथरते. केसांची हालचाल मी भिंगातून किती वेळ बघत बसले, चहा निवला. नाक अगदी जवळ नेलं तर कुबट वास येतो. तो माश्यांसाठी. रुईसारखेच हिचेही परागकण सुटे नसतात, त्यांचे पुंज असतात, आणि माशी त्यात अडकून ते ओढून नेते. काकांनी दिलेलं दुसरं रोपही तेव्हा फुलत होतं, त्याच्या फुलावर पिवळा रंग जास्त. दोन्ही शिंकी शेजारी टांगली आणि माश्या येऊ दिल्या. आठवडाभर गॅलरीत फवारा, उदबत्ती, काहीही लावलं नाही.

एका फुलातून शेंगांची जोडी निघाली, शिंगांसारखी उभी. जानेवारी संपताना त्या उकलल्या. आधीच त्यांना मलमलीचा तुकडा बांधून ठेवला होता म्हणून बरं, नाहीतर रेशमी केसांच्या शेपट्यांवर सगळ्या म्हाताऱ्या उडून शेजारच्या गच्चीत गेल्या असत्या. १४ बिया काकांना दिल्या, १४ मी पेरल्या. आठवडाभरात नऊ उगवल्या. आज चार आहेत. बाकीची पाच एका ढगाळ आठवड्यात माना टाकून गेली, दोष माझ्या झाकणाचा. काच दिवसातून दोनदा उघडायला हवी होती.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण फांद्यांच्या बेचक्यात, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून निघतो. पिवळा मावा कळ्यांवर, तो बोटानंच पुसते. आणि गेल्या ऑगस्टमध्ये प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या तीन अळ्यांनी चार दिवसांत १९ पानं संपवली. रुईच्या कुळातली झाडं हा त्यांचा हक्काचा घास, आणि कड्यावरही त्या तिला खात असणार. दोन अळ्या उचलून कोपऱ्यावरच्या रुईवर सोडल्या, एक ठेवली. तिसरीनं परळाच्या काठालाच हिरवा कोष केला. खोड शाबूत होतं, त्यानं पंधरा दिवसांत पुन्हा पानं काढली. पण त्या फांद्यांवर सप्टेंबरात एकही फूल आलं नाही. पानांची कमाई फुलांना लागते हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

चार रोपट्यांचं आजचं माप: सर्वांत मोठं २२ मिलिमीटर उंच, जाड बुंध्याचं, वर खऱ्या पानांची पहिली जोडी. त्यांना अजून एकत्रच ठेवलंय. ऑगस्ट उजाडला की वेगळी करेन, दोन इथे राहतील, एक काकांकडे जाईल. चौथं ज्यांना हवंय त्यांनी कळवा. पूर्वेची गॅलरी असेल आणि थंडीत हात आवरता येत असेल, तर ते रोप देईन, नाहीतर पाऊस संपेपर्यंत माझ्याकडेच राहू दे.