सजेस्टनंतर ‘मी’ येत नाही

आज रजेच्या मेलमध्ये लिहिलं होतं, ‘डॉक्टर सजेस्टेड मी टू टेक रेस्ट.’ पाठवण्याआधी शेजारच्या मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, सजेस्टनंतर असा थेट माणूस येत नाही. ‘सजेस्टेड टेकिंग रेस्ट’ लिही, नाहीतर ‘सजेस्टेड दॅट आय टेक रेस्ट’. माणूस हवाच असेल तर ॲडवाइज घे, ‘ॲडवाइज्ड मी टू टेक रेस्ट’.

इतकी वर्षं मेल लिहितेय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत इनडायरेक्ट स्पीच शिकताना, म्हणजे कुणाचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना, आम्ही फक्त ‘सेड टू’चं ‘टोल्ड’ करायचो.

घरी आल्यावर अशी आणखी इंग्रजी क्रियापदं काढून वही घेऊन बसले. रिफ्यूजला ‘टू’ लागतं, डिनायला ‘आयएनजी’. ‘ही रिफ्यूज्ड टू पे’, पण ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’. आधी वाटलं, नुसतं पाठच करावं लागणार. मग दोन्ही वाक्यं मराठीत लिहिली: पैसे *द्यायला* नकार दिला. पैसे *घेतल्याचं* नाकारलं. अरे, आपणही फरक करतोच की! एकात गोष्ट पुढे करायची आहे, दुसऱ्यात होऊन गेल्याचा आरोप आहे. केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

मग ॲपॉलोजाइज फॉर, म्हणजे उशीर झाल्या*बद्दल* माफी. अक्यूज ऑफ, चोरी केल्या*चा* आरोप. सगळंच असं जुळत नाही, इन्सिस्टला ‘ऑन’ का, ते पाठच करावं लागलं.

मेल ‘ॲडवाइज्ड’ घालून पाठवला. रजा मंजूर झाली. उद्या आराम, आणि वहीत पुढची क्रियापदं: वॉर्न, प्रॉमिस, ॲडमिट.