पिकअप

स्कूटर कोल्हापुरात दसरा चौकात बंद पडली. ढकलत ढकलत उद्यमनगरात नेली. मिस्त्रीनं ॲक्सिलेटर पिळून बघितला आणि निदान केलं, "पिकअपच न्हाई गाडीला. कार्बुरेटर भरलाय कचऱ्यानं. बसा जरा."

बसलो. सोबत बारावीतली भाची. तिनं वही काढून इंग्रजीची यादी घोकायला घेतली. गिव्ह इन, हार मानणे. गिव्ह अवे, वाटून टाकणे, शिवाय गुपित फोडणे. गिव्ह अपला मात्र ती अडली.

"मामा, गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. वर दिलं की सुटतंय कसं? मी सोडून देतो ही यादी." (आमच्याकडच्या पोरी 'मी जातो, मी देतो' असंच बोलतात.)

"हेच गिव्ह अप," मी म्हणालो.

सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतही हे दुखणं नोंदवलंय: क्रियापदामागं एक चिमुकला शब्द लागतो, अर्थ पालटतो आणि परक्यांची सगळ्यात जास्त पंचाईत तिथंच होते. त्यात या चिमुकल्यांचे स्वभाव वेगवेगळे. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पण फॅनच्या जागी 'इट' आला की त्याला मधेच बसवायचं, टर्न इट ऑफ. 'लुक आफ्टर'मध्ये मात्र मधे कुणाला शिरू देत नाहीत. 'पुट अप विथ'ला तर दोन शेपट्या, अर्थ सहन करणे. सोसायचं म्हटल्यावर एवढं लांबण आलंच.

आपण वर आपल्या पदरचंही घालतो. मूळ इंग्रजी आहे 'कोप विथ'. मी नोकरीभर 'कोप अप विथ' लिहीत आलो, अन् साहेबही त्याखाली सही करत आले.

भाची हसली. मग मीही विचारलं, "तुला एखादी गोष्ट 'कळून चुकते', तेव्हा चूक कुठं असते गं?"

ती गप्प. मला चेव आला. भलतंच काही 'बोलून गेलेला' माणूस तिथंच समोर उभा असतो. उभ्या उभ्या माणूस भांडण 'करून बसतो'. वडा 'खाऊन टाकला', तर टाकला कुठं? पोटात! आणि गाडी 'बंद पडली', तेव्हा ती स्टँडवर चांगली उभी होती. इंग्रजीत तीच 'ब्रेक डाउन' होते. तिकडं डाउन, इकडं पडणं. गाडीच्या बाबतीत तरी दोघांचं जमलंय.

"मग पिकअप?" तिनं वही चाळली. "उचलणे, आणायला जाणे, येताजाता शिकणे... गाडीचा यात नाहीच की."

तेवढ्यात मिस्त्रीनं किक मारली. इंजिन एका दमात बोललं. त्यानं रस्त्यावर एक चक्कर टाकून गाडी समोर आणून लावली.

"घ्या. आता बघा कशी उचलतीया."

भाचीनं 'उचलणे'समोर कंसात 'गाडीसुद्धा' लिहिलं आणि मागं बसली.