अमेरिकेच्या दारात एक जून

माझी जन्मतारीख १ जून १९५७. आमच्या वयाच्या माणसांना एवढं सांगितलं की ती हसतात, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांची तीच असते. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला सहावं पुरं झालेलं हवं असायचं आणि बापाला तारीख ठाऊक नसायची. मग गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. आई सांगायची की मी तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीची. म्हणजे कार्तिकातली. पण शाळेच्या जनरल रजिस्टरात काही कार्तिक चढला नाही.

आणि मी तरी कुठे निराळी वागले? पुढे माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा तेच केलं. पोरगं समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. बाप म्हणायचा, "बाई, दुष्काळात म्हस विकली न्हवं का, त्याच्या आदल्या साली झालंय बघा." दुष्काळ म्हणजे बहात्तरचा. मी बोटांवर हिशेब करून साल धरायची आणि पुढे एक जून टाकायची. निळी शाई, वर टिपकागद, शेवटी सही. अशी किती पोरं मी एक जूनला जन्माला घातली, देव जाणे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे अमेरिकेचा व्हिसा. २०१९ साली लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जायचं ठरलं. त्या व्हिसाचा डीएस-१६० नावाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. भाचा लॅपटॉप घेऊन बसला, मी शेजारी पासपोर्ट आणि दाखल्यांची पिशवी घेऊन. वीस मिनिटं हात लावला नाही तर तो फॉर्म आपोआप बंद पडतो, म्हणून चहाला उठायचीही चोरी. दोन संध्याकाळी गेल्या.

पहिलाच अडसर नावाचा. याआधी कुठलं दुसरं नाव वापरलंय का, असं विचारतात. वापरलंय की! आमच्या वेळी लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं. माझं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही एका दुपारी बदलली. भाचा म्हणाला, "मामी, हे असं नाव बदलणारे लोक त्यांच्याकडे वेगळ्या कारणासाठी बदलतात." तरी लिहिलं. शाळेच्या दाखल्यावर जुनं नाव आहे, लपवण्यात काय अर्थ? सासरचं आडनाव पाटील. नाव इथे सांगत नाही, पण आमच्या पिढीत गल्लीत हाक मारली तर चार दारं उघडतील असं. पासपोर्टात त्याला नवऱ्याचं नाव जोडलेलं, आणि विमानाच्या तिकिटावर ते सगळं एकाला एक चिकटवून, शेवटी एमआरएस.

पुढे आईवडिलांच्या जन्मतारखा. 'माहीत नाही' असा चौकोन होता, तिथे खूण केली. मग गेल्या पाच वर्षांतले फोन नंबर आणि ईमेल. तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का, असाही प्रश्न होता. मी म्हटलं, गोत्र विचारतायत का? भाच्यानं मला न विचारता 'नाही' करून टाकलं. त्याच वर्षीच्या मे अखेरपासून सोशल मीडियाची खाती विचारायला लागले होते, पाच वर्षांतली. यादीत फेसबुक होतं, चिनी-रशियन साइट होत्या, पण व्हॉट्सॲप नव्हतं. माझं सगळं आयुष्य व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर फक्त गौरीची आरास आणि एका सहकाऱ्याच्या निवृत्तीचे फोटो. ते त्यांना दिले. नरसंहारात भाग घेतलाय का, बालसैनिक भरती केलेत का, याचीही उत्तरं दिली. चाळीस वर्षं मुलांना बाकावर बसवण्यापलीकडे कसली भरती केली नव्हती.

मुलाखतीआधी एक दिवस बोटांच्या ठशांसाठी. मुंबईत बीकेसीला. दहाही बोटं घेतात. आधी चार, मग चार, मग दोन अंगठे. माझी बोटं उमटेनात. आधारच्या वेळीही हेच झालं होतं. आयुष्यभर खडू आणि राख-साबणाची भांडी, रेषा उरणार कुठून? काउंटरवरची मुलगी भली होती. "मावशी, केसांवरून हात फिरवा," म्हणाली. केसांचं तेल बोटांना लागलं आणि काचेवर हिरवा दिवा लागला. खोबरेल तेलाचा हा उपयोग मला नवा होता.

त्या बोटांचं पुढे काय होतं, हे नंतर लेकीनं सांगितलं. परदेशी माणसांची बोटं आणि चेहरा त्यांच्या होमलँड सिक्युरिटी (डीएचएस) म्हणजे देशांतर्गत सुरक्षेच्या खात्याच्या साठ्यात ७५ वर्षं राहतात. म्हणजे २०९४ सालापर्यंत. माझ्या पणतीला माझा ठसा बघायचा झाला तर घरी नाही, तिथे मिळेल.

पहिला प्रवास सुरळीत झाला. लेकीनं तिकिटात माझ्यासाठी व्हीलचेअर मागितली होती. मी रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येते, पण लेकीचं म्हणणं, "आई, खुर्चीत बसलीस की माणूस सोबत असतो, रांग चुकते, इंग्रजीची भानगड नाही." आपल्याकडच्या अर्ध्या आज्या अशाच जातात. विमानात निळ्या अक्षरांचा कस्टमचा कागद दिला. फळं, भाज्या, बिया, अन्न, किडे यातलं काही आणलंय का? 'हो' वर खूण केली. आणलेलं सांगितलं तर फार तर ते काढून घेतात. लपवलं तर दंड. लेकीनं बजावल्यामुळे कढीपत्ता घरीच ठेवला होता. तिथल्या अधिकाऱ्यानं डबा उघडला. विचारलं, हे गोळे कसले? मी म्हटलं, "गम." डिंकाला इंग्रजीत दुसरं काय म्हणणार? तो लाडवाकडे आणि माझ्या दातांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग "फॉर बेबीज मदर" म्हटल्यावर डबा बंद करून दिला.

दुसऱ्यांदा गेले २०२४ मध्ये. व्हिसा दहा वर्षांचा, तोच. या खेपेला तिथल्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीवरच्या माणसानं कॅमेऱ्यात बघायला लावलं, चार बोटं घेतली, पडद्याकडे पाहिलं, परत पाहिलं, आणि माझा पासपोर्ट एका फोल्डरमध्ये घालून दुसऱ्याच्या हाती दिला. मला आतल्या खोलीत न्यायचं होतं. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा म्हणाला की त्याला आत जाता येत नाही. मग काय, मी उठले आणि चालत आत गेले. दारातल्या अधिकाऱ्यानं खुर्चीकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. मला शाळेत खोट्या पोटदुखीत सापडलेल्या पोरासारखं झालं.

आत तीस-चाळीस खुर्च्या, फोन वापरायला बंदी. एक बाई तान्ह्या पोराला घेऊन, दोन विद्यार्थी, एक म्हातारे गृहस्थ. बाहेर लेक वाट बघत असणार आणि मला कळवता येईना, याचाच घोर लागला होता. सव्वा तासानं नाव पुकारलं. अधिकारी तरुण होता, आवाज चढवला नाही. फोनवर हिंदी दुभाषी जोडून दिली. कुठे राहणार, किती दिवस, जावई काय करतो, आधी कधी आला होता, जन्म कुठे झाला. मग दुभाषीनं विचारलं, "आपने कभी कोई और जन्मतिथि इस्तेमाल की है?"

इथे मी अडखळले. वापरली नव्हती हे खरं. पण खरी कुठली, हे विचारलं असतं तर? तुळशीचं लग्न कुठल्या तारखेला येतं, हे त्या मुलाला कसं सांगायचं, आणि १९५७ चं की ५६ चं, हे तर मलाही कुठे ठाऊक होतं? खरं बोलायचं म्हणून कार्तिक काढला असता तर तो कार्तिकही माझ्या नावापुढे कायमचा लिहिला गेला असता. मी म्हटलं, "नहीं. एक जून." त्यानं टाइप केलं आणि शिक्का मारला.

का थांबवलं, ते कुणी सांगितलं नाही. सांगतच नाहीत. लेकीचा तर्क असा की याच नावाची, याच आडनावाची, एक जूनचीच दुसरी कुणी बाई त्यांच्या संशयितांच्या यादीत असेल. मला तो पटतो. पाटील, आमच्या पिढीचं नाव आणि एक जून, असं संगणकात घातलं तर एकट्या सातारा जिल्ह्यातून एक एसटी भरेल. मी जन्माला घातलेल्या पोरांची एसटी वेगळीच.

लेकीनं दोन अर्ज केले. असा त्रास होणाऱ्या प्रवाशांसाठी डीएचएस ट्रिप नावाची सोय आहे. ऑनलाइन भरायचं, पासपोर्टची प्रत जोडायची. चौकशी झाली की सात आकडी रिड्रेस नंबर मिळतो. तो पुढच्या तिकिटात टाकायचा, म्हणजे तुम्ही त्या दुसऱ्या नव्हेत हे आधीच कळतं. पत्र आलं त्यात तुमचं नाव कुठल्या यादीत आहे किंवा नाही, यातलं काहीच सांगता येत नाही, असं सरळ लिहिलेलं होतं. नंबर मात्र दिला.

दुसरा अर्ज तिथल्या माहिती अधिकाराचा. १९६६ चा कायदा, आणि तो परदेशी माणसालाही वापरता येतो. लेकीनं माझ्या वतीनं करायचा म्हणून माझी सहीची संमती लागली. पाच-सहा महिन्यांनी फाईल आली आणि मी ती साताऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली. दुकानदारानं विचारलं, "टीचर, शाई सांडली काय?" ओळीच्या ओळी काळ्या पट्ट्यांनी झाकल्या होत्या. तपासाची पद्धत उघड होईल, या कलमाखाली.

पट्ट्यांच्या मधून जे दिसत होतं ते मात्र वाचण्यासारखं. विमान कंपनीकडचं बुकिंगचं सगळं रेकॉर्ड त्यांच्याकडे जातं. २००१ च्या हल्ल्यानंतर केलेल्या कायद्यानं कंपन्यांना ते द्यावंच लागतं, आणि ते पंधरा वर्षं राहतं. तिकीट कधी काढलं, किती वेळा बदललं (बाळंतपणाची तारीख पुढेमागे होत होती, म्हणून तीनदा), कुठल्या एजंटकडून, कुठल्या कार्डावर, किती बॅगा, कुठली सीट, जावयाचा जुना पत्ता, लेकीचा ईमेल. जेवणापुढे चार अक्षरं होती, एव्हीएमएल. म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी. आणि सगळीकडे, जातायेतानाच्या प्रत्येक खेपेला, डब्ल्यूसीएचआर. व्हीलचेअर. त्यांच्या कागदांवरची मी म्हणजे एक जूनला जन्मलेली, लांबवर चालता न येणारी, शाकाहारी बाई. एकूण फाईलमध्ये पूर्ण खरं असं बोटांचंच काय ते असावं, आणि तीही खोबरेल तेलाची.

यात अमेरिकाच तेवढी, असंही नाही. आपल्या कस्टम खात्यानंही ऑगस्ट २०२२ मध्ये नियम काढले आहेत. परदेशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांचं बुकिंगचं असंच रेकॉर्ड विमान सुटण्याच्या चोवीस तास आधी कंपनीनं द्यायचं, ते पाच वर्षं राहणार. म्हणजे आता माझी व्हीलचेअर दोन्ही देशांत.

काही गोष्टी मी यातून शिकले, जाणाऱ्या बायकांना सांगते. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं तिकिटावर घ्या, माहेरचं नाव विचारलं तर लिहा, आणि मुलीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणाल, तर त्या खोलीत मोबाइल काढता येत नाही. मी थरथरत्या अक्षरात लिहिलेला कागद होता म्हणून पत्ता सांगता आला. आणि माझ्यासारखी जन्मतारीख असेल तर ती न अडखळता सांगा.

गेल्या महिन्यात तिसऱ्या खेपेचं तिकीट काढलं. नातीची मुंज नाही, वाढदिवस आहे. तिची तारीख, तास, मिनिट, वजन सगळं हॉस्पिटलच्या कागदावर पक्कं. एजंटला रिड्रेस नंबर दोनदा वाचून दाखवला. त्यानं टाइप केला. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "काकू, व्हीलचेअर टाकू ना?"

मला ती फाईल आठवली. पंधरा वर्षंही आठवली. आणि त्या विमानतळावरची शेवट न दिसणारी रांगही आठवली.

"टाक," मी म्हटलं.