संपला म्हणजे काय

रविवार, रात्री उशिरा

कालपासून एक शब्द डोक्यात अडकून बसलाय. ‘संपला.’

माळा आवरत होतो. बिल्डिंग जाणार आहे, घराच्या चाव्या द्यायला अजून तीन आठवडे आहेत. दादा फोनवर म्हणाला, ‘फेकून दे सगळं’, पण ते माझ्याच्याने होत नाही. ताईचा मुलगा शिडी धरायला म्हणून आला होता. एक हात शिडीला, दुसऱ्यात मोबाइल. त्याच्या गेमचा सीझन चार दिवसांत बंद होणार आहे, त्याआधी कसलीशी पातळी गाठायची आहे, त्यामुळे घोडबंदरवरून येतानाही रिक्षात तेच चाललं होतं म्हणे.

जुन्या बेडशीटच्या खाली बुटांचं खोकं सापडलं. आत फ्लॉप्या. एकीवर दादाच्या अक्षरात निळ्या पेनाने ‘प्रिन्स’, म्हणजे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’.

मी एकदम खूश होऊन म्हणालो, “अरे, हा आमचा गेम! सत्त्याण्णवच्या मे महिन्यात संपला एकदाचा.”

त्याने मान वर केली. “अरेरे. का? सर्व्हर बंद केले का त्यांनी?” आणि लगेच, अगदी काळजीने, “मग मामा, पैसे परत मिळाले का?”

तो टिंगल करत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याच्या लेखी गेम संपतो म्हणजे कंपनी तो बंद करते. आम्ही खेळून खेळून तो संपवला, शेवटापर्यंत पोचलो, असा त्या शब्दाचा अर्थ त्याच्या मनात आलाच नाही. मी समजावून सांगितलं, तेव्हा म्हणाला, “ओके, म्हणजे स्टोरी मोड.” आणि पुन्हा खाली बघितलं.

एवढंच झालं. पण मला जेवण गेलं नाही.

चूक त्याची नाही, हे कळतं. त्याने बघितलंय ते तसंच आहे. फार्मव्हिल, तो फेसबुकवरचा शेतीचा गेम, २००९ मध्ये आलं आणि २०२० च्या ३१ डिसेंबरला बंद झालं, ते ज्यावर चालायचं त्या फ्लॅशचा आधार अ‍ॅडोबीने काढून घेतला त्याच दिवशी. माझी तिथली वांगी मी रात्री दोनचा गजर लावून काढलेली आहेत. ते शेत मी कुठे संपवलं? ते कुणीतरी मिटवलं. ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम लोकांनी पैसे मोजून घेतला होता, त्यात एकट्याने करण्यासारखंही भरपूर होतं, तरी ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि घरात ठेवलेल्या डिस्कचा उपयोग उरला नाही. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै २०२५ मध्ये, तिच्या सह्या दहा लाखांच्या वर गेल्या. विकलेला गेम निदान चालण्याच्या स्थितीत तरी सोडून जा, एवढीच मागणी आहे. मीही दोन दिवस ते आकडे बघत बसलो होतो, जसं काही माझीच सही त्यात होती.

पण मला टोचतंय ते हे नाही. बंद पडणं वाईट आहे, कबूल. पण बंद पडण्याच्याही आधी काहीतरी गेलंय. खेळणाऱ्याने स्वतः शेवटाला नेण्याची गोष्ट गेली आहे. सीझन एक झाला की दोन, रोज लॉगिन केलं की नाणी, नाही केलं की साखळी तुटली. वेबपानांचंही तेच झालं. आधी खाली ‘पुढे’ असायचं, त्यावर बोट ठेवताना क्षणभर विचार व्हायचा, की पुरे का आता? अझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल बनवलं आणि नंतर त्याबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. त्याची खंत मला खरी वाटते. पण तोवर आपलं बोट शिकलं होतं.

आणि माझं स्वतःचं? भाषा शिकायच्या अ‍ॅपवर चारशे बारा दिवसांची साखळी आहे. रात्री पावणेबाराला डोळे मिटत असताना मी जर्मन सफरचंदं मोजतो. ऐरोलीहून येताना ट्रेनमध्ये उभ्या उभ्या तीन गेमची रोजची कामं उरकतो. शेवटचा गेम मी कधी संपवला, ते आठवायचा काल प्रयत्न केला. लॉकडाऊनच्याही आधी. त्याआधीचा, ती घरात असतानाचा. असो.

काल रात्री फार एकटं वाटलं. बिल्डिंग जाणार, माळा जाणार, आणि ज्या शब्दावर आमचा अख्खा मे महिना उभा होता तो शब्दही या पोराकडे दुसऱ्याच अर्थाने पोचलाय. दादाला तर फ्लॉप्या आठवतही नसतील.

त्या गेमला साठ मिनिटं असायची. एक तास, तेवढ्यात राजकन्येपर्यंत पोचायचं. स्पेसबार दाबला की किती मिनिटं उरली ते खाली यायचं. तिसऱ्या पातळीपासून कंट्रोल-जी दाबून सेव्ह करता यायचं, पण मिनिटं जितकी उरली तितकीच सेव्ह व्हायची. उधळलेला वेळ परत मिळत नसे. वर्गातली सगळी मुलं ‘मेगाहिट’ हा चोरवाटेचा शब्द लिहून सुरू करायची आणि पातळ्या ओलांडत जायची. दादाने ते कधीच केलं नाही, मलाही करू दिलं नाही. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

बाराव्या पातळीवर राजपुत्रासमोर त्याचीच सावली तलवार घेऊन उभी राहते. तिला मारलं की आपलंच रक्त कमी होतं. दादा चार रात्री तिच्याशी लढत होता. शेवटी कुणीतरी सांगितलं, की तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्यात चालत जायचं. मग दोघं एक होतात आणि समोर जिथे जमीन दिसत नाही तिथे धावलं की पायाखाली जमीन येते. हे मला अजूनही कुठल्याही नव्या गेमपेक्षा मोठं वाटतं. चार मिनिटं उरलेली असताना हत्यार खाली ठेवायचं!

जॉर्डन मेकनरने हा गेम बनवताना आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखली. पडद्यावर धावतो तो खरोखरचा धाकटा भाऊ आहे. मूळ गेम १९८९ चा. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मेकनरने लिहिलेला मूळ प्रोग्राम, हरवलाय असंच सगळे समजत होते, तो २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात एका खोक्यात सापडला. खोकी फेकू नयेत ती याच्यासाठी. हे दादाला सांगायला हवं होतं, पण फोनवर तोवर भाड्याचा विषय निघाला होता.

आज सकाळी ऑफिसातल्या एकाकडून यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला. ‘प्रिन्स’वाली पहिल्या झटक्यात वाचली गेली नाही, तिसऱ्या वेळेला आली. सगळ्या फाइल्स लॅपटॉपवर उतरवल्या, डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने गेम नव्या मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवल्या. भाचा शेजारी येऊन बसला. गेम सुरू व्हायच्या आधी विजेत्यांची यादी येते. यादीत एकच नाव होतं. माझं. पुढे उरलेला वेळ, दोन मिनिटं आणि वर काही सेकंद.

“मामा, तू संपवलास?” या वेळी त्याने शब्द बरोबर वापरला.

मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्या रात्री मी झोपलो होतो. सकाळी दादाने उठवलं आणि फक्त ‘संपला’ म्हणाला. नाव कुणाचं टाकलं, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नाही. एकोणतीस वर्षं.

पोरगा मग तासभर खेळला. पहिल्याच पातळीवर काट्यांवर सहा वेळा पडला, तलवार सापडली तेव्हा ओरडला. मधेच म्हणाला, “तो टेट्रिसवाला मुलगा आहे ना, त्याने पण टेट्रिस संपवलं.” मला ते आठवलं आणि इतकं बरं वाटलं. अमेरिकेतला तेरा वर्षांचा मुलगा, डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या निन्टेंडोवरच्या टेट्रिसच्या १५७ व्या पातळीवर पोचला आणि गेमच गोठला. तोवर तिथे माणूस कधी पोचला नव्हता. पुढे जायला गेमकडे काही उरलंच नाही, आणि तो मुलगा आनंदाने थरथरत होता. म्हणजे याला माहीत आहे की! शब्द त्याच्याकडेही आहे, फक्त तो त्याने रोजच्या खेळांसाठी वापरलेला नाही. वर्डल तरी वेगळं काय आहे? रोज एक शब्द ओळखायचा, सुटला की उद्यापर्यंत काही नाही. तेवढ्यासाठीच लोकांना ते २०२१ मध्ये आवडलं असणार. कालचं सगळं ओझं निम्म्याने उतरलं. मी उगाच सगळ्या पिढीचा शोक करत बसलो होतो.

वेळ संपल्यावर त्याने विचारलं, “उद्या उघडला तर काय मिळतं?”

“काही नाही.”

तो जरा थांबला आणि म्हणाला, “पहिल्यापासून?” मग ताईचा फोन आला, तो गेला.

आता साडेबारा वाजलेत. मी पहिल्यापासून सुरू केलाय, मेगाहिट न लिहिता. यादीतलं ते नाव आहे तसं मला चालत नाही. तिसऱ्या पातळीवर सांगाडा उठून उभा राहतो तिथे आलोय. स्पेसबार दाबला, एक्केचाळीस मिनिटं उरलीत. सकाळी लवकरची ट्रेन आहे, म्हणून कंट्रोल-जीवर बोट नेलं आणि थांबलो. सेव्हची फाइल एकच असते. तिच्यात दादाची बारावी पातळी आहे, चार मिनिटं उरलेली. अख्ख्या फोल्डरच्या तीन ठिकाणी प्रती काढून ठेवल्यात, हे मला माहीत आहे. तरी बोट खाली जाईना.

एस्केप दाबून खेळ थांबवलाय. लॅपटॉप चार्जिंगला लावून उघडाच ठेवलाय, खोक्याशेजारी.